भाकरीचा आवाज

सोलापुरात कडक भाकरी घरोघर खातात. पण ती कानांनी खाणारा माणूस उभ्या जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. पापडासारखी पातळ, डब्यात महिनाभर टिकणारी ही ज्वारीची भाकरी मामा आधी कानाजवळ धरून मोडतात. आवाज पसंत पडला तरच हात शेंगाचटणीकडे जातो. ती आमटीत बुडवून मऊ करणाऱ्या माणसाला त्यांच्या लेखी क्षमा नाही. "बुडवायचीच तर लापशी खावा की!" असं त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत साक्षात नवरदेवाच्या काकाला सुनावलं होतं.

मामांची हयात एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली. गाडी फलाटाला लागल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा त्यांचा जगण्याचा नियम. आमच्या लग्नातही भटजींनी वेळेआधी मंगलाष्टकं सुरू केली तेव्हा मामांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं होतं. असा माणूस, आणि जुन्या मधुमेहानं त्याची उजव्या बाजूची चावायची दाढ नेली. कडक भाकरी बंद झाली. कवळीचं नाव काढलं की म्हणत, "रातच्याला पेल्यात ठेवायचे दात मला नकोत. पक्के पायजेत." म्हणून मी त्यांना सात रस्ता चौकाजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दाढ लावायची, असं ठरवूनच मामा खुर्चीत बसले.

बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली. "काका, एवढ्या साखरेवर जखम नीट भरत नाही. हाडानं स्क्रूला धरलं नाही तर तो निघून येईल. आधी तीन महिन्यांची सरासरी खाली आणा, हिरड्या बऱ्या होऊ द्या. आणि तंबाखू बंद."

आता भांडण होणार म्हणून मी गाडीची किल्ली हातात घेतली. मामा उठले, कोपरीच्या खिशातली पुडी काढून तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "म्हंजे आदी रस्ता, मग गाडी. बराबर हाय की!"

त्या दिवसापासून जेवण झालं की मामा चालायला निघू लागले. सोमवारी सात रस्ता चौकातून फुटणाऱ्या सातांपैकी एक रस्ता, मंगळवारी दुसरा, असं करत आठवडा पुरवायचा. मामी म्हणायच्या, "हे कुठल्या रस्त्याला गेलेत ते बघितलं की वार कळतो, कॅलेंडर काढून टाकलं मी." कुणाच्या बारशात पेढा पुढे आला तर मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत, जणू पेढाच त्यांना धरायला आला होता. साखर खाली आली, आणि बाईंनी स्क्रू बसवला. पण दाढ लगेच लागत नाही. हाड स्क्रूला धरेपर्यंत काही महिने थांबायचं, त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही. "बसला का हो दात?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी फलाटाला लागतीय. गडबड करू नगा."

त्यांना प्रत्येक तपासणीला मीच नेत होतो. बाईंचा शब्दन् शब्द मी ऐकत होतो. आणि घरी रोज सकाळी दात घासताना माझ्याच हिरड्यांतून रक्त येई, ते मी नळ मोठा सोडून घालवत होतो. माझ्या वडिलांनाही साखर होती. तरी मी रक्त तपासलं नाही, बायकोला सांगितलं नाही. दुसऱ्याची काळजी घेतोय, एवढ्यावर स्वतःला सूट देत होतो.

मग मार्गशीर्षातली येळवस आली; मामांची दाढ अजून लागायची होती. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळे पाहुणे शेतात जेवतात. मामांच्या मंद्रूपच्या शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. डाळी-पालेभाज्यांची दाटसर भज्जी आली, आंबील आली, आणि मामींनी कडक भाकरीचा डबा उघडला. मामांनी एक भाकरी कानाजवळ मोडली. डोळे मिटले. सगळे श्वास धरून बघत राहिलो. मग त्यांनी ते दोन्ही तुकडे माझ्या ताटात ठेवले.

"जावईबापू, माज्या वाटणीची तुमी खावा. मी ऐकतो."

मी एक तुकडा दातांनी तोडला आणि हिरडीतून कळ गेली. मामा दुसरीकडं वळले तसा उरलेला तुकडा भज्जीत बुडवला. सगळीकडं कुरकुर चालली होती.

"जावईबापू," मामा वळून न बघताच म्हणाले, "तुमच्याकडनं आवाज येईना."

मी ताट जरा मागं सरकवलं. त्यांनी ताटातला भिजलेला तुकडा पाहिला. मला वाटलं, आता लापशी निघणार. पण ते हळूच म्हणाले, "रक्त येतंय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"कवापासनं?"

मी बोटांवर महिने मोजू लागलो. मामांनी माझं ताट ओढून उरलेली कोरडी भाकरी उचलली आणि डब्यात परत ठेवली. "उद्या सकाळी काय खायाचं न्हाय. उपाशीपोटी रक्त द्यायला जायाचं. मी येतो संगं."

माझीही साखर निघाली, हिरड्याही बिघडलेल्या. मामांची दाढ मात्र पक्की बसली. हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं त्या दिवसाचा रस्ता चालून येतो आणि ओट्यावर बसतो. मामी दोघांपुढं ताटं ठेवतात; माझ्या ताटात अजून मऊ भाकरी असते. मामा उजव्या दाढेखाली कडक तुकडा धरतात, चावण्याआधी माझ्याकडे सरकून बसतात, आणि मी ऐकतो.