डाव्या बाजूची स्प्रिंग

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ कुठल्या तरी ढिल्या स्प्रिंगमध्ये असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे भावोजी डिचोलीला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीतली फायलींची चळत कितीही कलली तरी त्यांच्या कपाळावर आठी पडत नसे. पण खुर्ची असो, होडी असो की लग्नाचा मांडव, बसायची-उठायची जागा जराशी डुलली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ताईला बघायला ते हळर्णला आमच्या घरी आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेण्याआधी त्यांनी बसायचा बाक हलवून पाहिला, खिशातलं बसचं तिकीट काढलं, त्याची घडी घातली आणि वाकून बाकाच्या पायाखाली सारली. मग समाधानाने मान वर केली, तेव्हा कुठे त्यांना ताई दिसली. आईला वाटलं, स्थळ हातचं गेलं. मला वाटलं, माणूस वेडा आहे. ताई मात्र स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "बाक इतलीं वर्सां डुलतालो, तुमी कोणें तरी कांय केलें?" लग्न ठरलं ते त्या वाक्यावर.

लग्नानंतर त्यांचा हा गुण वाढीला लागला. रोज सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला त्यांनी सायकलीवरची टोपली अगदी खाली बांधायला लावली, कारण वजन जितकं खाली तितकं वळण चांगलं. दुसऱ्या दिवशी पावांना रस्त्याच्या धुळीची चव आली, आणि पुढे तो पोदेर त्यांच्या घरावरून हॉर्न न वाजवता जाऊ लागला.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच सुमाराला भावोजींनी गाडी घेतली, आणि या दोन घटनांतली मोठी कुठली याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. भाषेवरून घराघरांत भांडणं व्हायचे ते दिवस. भावोजी मराठीचे कट्टर अभिमानी. सभेत, कचेरीत, जेवणाच्या पानावरसुद्धा ते छापील मराठी बोलत; पण गाडीखाली शिरले की बाहेर दिसणाऱ्या दोन पायांच्या पलीकडून ऐकू येई ती निखळ कोकणी. "आरे पानो हाड मरे, पानो! हात चिड्डलो म्हजो!" मी एकदा या विसंगतीकडे त्यांचं लक्ष वेधलं. ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "मराठी ही उभ्याने बोलायची भाषा आहे. आडवं पडल्यावर माणसाला आई आठवते." वादाच्या दोन्ही बाजूंची पुष्कळ भाषणं मी त्या काळात ऐकली, इतकं समजूतदार काही कुणी बोललं नाही.

दुसऱ्याची गाडी दिसली की तिचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा, सोडायचा आणि ती किती हेलकावे खाते ते बघायचं, ही त्यांची नमस्कार करण्याची पद्धत होती. नव्या राज्याच्या आनंदात तालुक्याला समारंभ झाला. कमानी, तुताऱ्या, हार. कालपर्यंत ज्यांना गावात कुणी खुर्ची देत नसे ते मंत्री म्हणून आले आणि दीड तास बोलले. भाषण संपायच्या आधीच भावोजी मांडवातून उठून मंत्र्यांच्या गाडीपाशी गेले आणि तिला दाबू लागले. हवालदाराने त्यांचा दंड धरला. भावोजी शांतपणे म्हणाले, "साहेबांना सांगा, राज्य नवीन आहे, पण शॉकप केंद्रशासित काळातलेच आहेत." हवालदाराने दंड सोडला. पुढे तो स्वतःच्या मोटारसायकलीचा सल्ला विचारायला भावोजींकडे येऊ लागला.

भावोजींची स्वतःची गाडी लहान होती. चार माणसं आणि एक फणस, एवढाच तिचा जीव. तिच्यात एकच दोष होता, आणि तो म्हणजे ताईला तिच्यात बसवत नसे. डिचोली ते हळर्ण हा रस्ता म्हणजे नुसती वळणं. पहिल्या वळणाला ताईचा चेहरा पांढरा पडे, दुसऱ्याला ती खिडकीकडे सरके, आणि भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, मोठं झाड असलेलं ते लांबलचक वळण आलं की गाडी थांबवावीच लागे. आमच्या दारात उतरायची ती भिंत धरून. मग अंथरूण, लिंबाचं पाणी, बंद खिडक्या. जराशी बरी होऊन आईशी दोन शब्द बोलू लागायची तोवर परत निघायची वेळ झालेली असे. आई वर्षभर चवथीची वाट बघायची. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या चौकटीला बांधायची फळं आणि रानातले घोस ताईने स्वतःच्या हाताने बांधायचे, हा दोघींचा लहानपणापासूनचा शिरस्ता. आता माटोळी मीच बांधायचो, वाकडी, आणि ताई आतल्या खोलीत पडून असायची. एकदा आई वैतागून म्हणालीच, "माहेरपणाक येता काय हॉस्पिटलात भरती जावंक येता गो तू? स्कूटर आशिल्ली तेन्ना बरी हांसत येतालें."

ते खरं होतं. स्कूटरवर मागे बसून ताई वर्षानुवर्षं आली, तिला कधी काही झालं नाही. पण आता पदरात दोन मुलं होती, आणि स्कूटरवर सगळ्यांना बसवणं भावोजींच्या तत्त्वांत बसणारं नव्हतं. "पोटात दोष नाही," ते आईला म्हणाले, "दोष स्प्रिंगमध्ये आहे. मऊ स्प्रिंग वळणावर कलते. गाडी कलली की माणूस कलतो, माणूस कलला की पोट कलतं. पुढच्या चवथीला तुमची मुलगी हसत उतरेल." सासूला दिलेला शब्द होता तो. त्या दिवसापासून भावोजींना दुसरं काही सुचलं नाही.

आधी म्हापशाहून कडक शॉकप आले. मग गाडी जमिनीला धरून चालावी म्हणून स्प्रिंगा कापून बसवल्या. ती इतकी खाली गेली की वाटेतली कोंबडी बाजूला होण्याऐवजी तिच्यावरून उडून जाऊ लागली. मग एक चाक दबलं की दुसऱ्याने त्याला सावरावं म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी जाड लोखंडी दांडी हवी झाली, आणि ती बनवायला आम्ही तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कोल्हापूरकडच्या वेल्डरकडे गेलो. त्याची सगळी हयात ट्रॉल्या जोडण्यात गेलेली. भावोजींनी अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"आसं करून देतो सायेब, ऊस भरला तरी हलायची न्हाई."

"ऊस नाही हो, बायको बसवायची आहे."

"मग तर अजाबात न्हाई."

त्याने शब्द पाळला. गाडी इतकी ताठ झाली की रस्त्यावर पडलेल्या नाण्यावरून गेली तर छापा होता की काटा ते आतल्या माणसाला कळावं. वळणावर ती कलत नाही हे सिद्ध करायला भावोजींनी मागच्या सीटवर एक सोललेला नारळ ठेवला आणि पुढे मला बसवलं. भिरंडीचं वळण आलं. नारळ जागचा हलला नाही. भावोजींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याच क्षणी रस्त्यातला खड्डा आला, नारळ उठला आणि माझ्या टाळूवर येऊन बसला. "बघितलंस?" भावोजी म्हणाले, "सरळ वर गेला. बाजूला नाही गेला!"

"भावोजी," मी डोकं चोळत म्हटलं, "नारळाला ओकारी येत नाही."

हे मात्र त्यांना लागलं. कारण ताईला येतच होती. कलून नव्हे, आदळून. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण गाडीच्या आत बसतो हीच चूक आहे. गाडी वळणावर काय करते ते बाहेरून, जमिनीच्या पातळीवरून बघायला हवं. पण मग गाडी चालवणार कोण? मला त्यांनी आधीच नालायक ठरवलं होतं. म्हणून त्यांनी ताईला गाडी शिकवली. तीही लागेल तेवढीच. वळण घ्यायचं, सोडायचं, गियर बदलायचा. मागे घ्यायला शिकवलंच नाही, कारण उलट्या गाडीने वळण घेण्यात त्यांना रस नव्हता. त्यामुळे वळण संपलं की ताई पुढच्या गावातल्या देवळापर्यंत जायची, देवळासमोर गोल चक्कर मारायची आणि परत यायची. देवाला त्या महिन्यांत जितक्या प्रदक्षिणा घडल्या तितक्या कधी घडल्या नसतील.

रविवारची ती दृश्यं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. भिरंडीखाली भावोजी रस्त्याच्या कडेला पोटावर पालथे, गाल डांबराला टेकवलेला, एक डोळा मिटलेला, आणि ऊन लागू नये म्हणून वर छत्री धरून मी. एकदा बस थांबवून कंडक्टर धावत खाली उतरला. "मेलो काय रे?" "ना," मी म्हटलं, "स्प्रिंग तपासता." तेवढ्यात लांबून हॉर्न वाजायचा आणि पदर कमरेला खोचलेली आमची ताई त्या ऊसवाहू गाडीतून वळण घेत यायची, ओठ दाबून, मान थोडी आत झुकवून. भावोजी ओरडायचे, "परत!" आणि ती परत यायची. कितीतरी रविवार ती त्या वळणावरून गेली आणि आली, आणि तिला एकदाही ओकारी आली नाही हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही चाकांकडे बघत होतो.

चवथ जवळ आली. शेवटची सुधारणा म्हणून भावोजी पुढची एक स्प्रिंग दाबून बसवत होते. ती हातातून सुटली आणि त्यांच्या पायावर बसली. घोटा भोपळ्यासारखा सुजला. ते ओसरीवर पाय वर करून बसले आणि छापील मराठीत म्हणाले, "यंदाचं जाणं रहित." मी सकाळच्या बसने त्यांना न्यायला म्हणून डिचोलीला पोचलो होतो. ताई आतून आली. हातात फळांच्या पिशव्या.

"चावी दियात."

"अगो, तू गाडी फक्त वळणावर चालवली आहेस."

"मागीर? हळर्णमेरेन वळणां सोडून आनीक कितें आसा?"

भावोजींनी खिशातून चावी काढून दिली. मी मुलांना घेऊन मागे बसलो, भावोजी आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे बसले. पहिल्या वळणाला ते म्हणाले, "छान. आता सोड." दुसऱ्याला नुसतं "हं" म्हणाले. पुढे ते खिडकीकडे सरकले. भिरंडीचं झाड दिसू लागलं तेव्हा त्यांनी डॅशबोर्ड धरला आणि कोकणीत म्हणाले, "रावय. रावय गो." ताईने गाडी थांबवली. ज्या झाडाखाली ते इतके दिवस पालथे पडत होते त्याच झाडाखाली एका पायावर लंगडत जाऊन आमचे भावोजी ओकले.

आमच्या दारात आई लिंबाचं पाणी घेऊन उभी होती. अंथरूण आत घातलेलं होतं. ताईने गाडी थेट तुळशीपाशी आणून उभी केली, कारण मागे घेता येत नव्हती, आणि उजवीकडचं दार उघडून उतरली. हसत. आई तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्या खांद्यावर हात टाकून उतरलेल्या जावयाकडे बघितलं, हातातला पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "औंदू जांवय इलो म्हणपाचें, माहेरपणाक." भावोजी अंथरुणावर आडवे झाले. बाहेर मायलेकी माटोळी बांधत होत्या, कमळां अशी बांध, सुपारी तशी बांध म्हणून भांडत होत्या, आणि तो आवाज भिंतीपलीकडून ऐकत भावोजी डोळे मिटून पडले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल जाहीर केला. "तिला उजवीकडे बसून काही झालं नाही. म्हणजे उजवी बाजू आपण अचूक बसवली. आता डावी बघायला हवी." आणि त्यांनी ती उरलेलं आयुष्य बघितली. गाड्या बदलल्या, मुलं मोठी झाली, पण डाव्या बाजूची स्प्रिंग काही जमेना, त्यामुळे गाडी ताईच चालवत राहिली आणि भावोजी हातात लिंबू धरून शेजारी बसत राहिले. निवृत्त झाल्यावर एकदा दुपारी ओसरीवर मी त्यांना विचारलं, "भावोजी, खरं सांगा, डाव्या बाजूत दोष आहे?" त्यांनी आधी आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "वळण घेताना ती गुणगुणते, ऐकलंस कधी?" ते म्हणाले. "दोष काढला तर मला परत उजवीकडे बसावं लागेल. दोघांपैकी एकाला ओकारी येणारच रे. मला लिंबाने भागतं."

भावोजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी रस्ता रुंद झाला. भिरंड तोडली, ते लांबलचक वळण डोंगर कापून सरळ केलं. गेल्या चवथीला ताईबरोबर आलो, मी डावीकडे. ती जागा आली तशी तिने कारण नसताना गियर खाली घेतला. मागचा ट्रक हॉर्न मारून चिडून पुढे गेला. "हांगा तांकां ओंकारी येताली," ती म्हणाली, आणि मान थोडी आत झुकवली. समोर रस्ता ताणून धरलेल्या धोतरासारखा सरळ होता. ना खड्डा, ना हेलकावा. मागच्या सीटवर माटोळीसाठी घेतलेले नारळ होते, त्यातला एकही हलला नाही. भावोजींना हा रस्ता मुळीच आवडला नसता.