लूएला स्नेलिंगचं वरचं टेबल

हालेट्स कोव्हच्या पोस्टाच्या खिडकीत लूएला स्नेलिंग एकतीस वर्षं बसली, आणि त्या एकतीस वर्षांत गावातल्या एकाही माणसाला तिनं नुसतं तिकीट दिलं नाही. तिकिटाबरोबर थोडी वंशावळ फुकट मिळायची. "तुमचे खापरपणजोबा चर्चच्या घंटेचा दोर चोरताना सापडले होते बरं का," असं ती शिक्का मारता मारता सांगायची, तेही मागं चार माणसं रांगेत उभी असताना. लोक चडफडायचे. पण गावात पोस्ट एकच होतं.

पुढं ती निवृत्त झाली आणि मधे येणारी तिकिटंही संपली. आता सगळा दिवस वंशावळीला मोकळा. लग्न तिनं केलं नव्हतं. कॅप्टन ओबेड स्नेलिंगच्या तोडीचा कुणी आलाच नाही, असं ती म्हणायची. कॅप्टनला जाऊन अडीचशे वर्षं होऊन गेली होती, त्यामुळं तुलनेला त्याच्या बाजूनं काही उणं निघत नसे.

गाव वसवलं ते या कॅप्टननं. वसवलं म्हणजे काय, तर त्याचं गलबत खाडीच्या चिखलात रुतलं आणि मोठी भरती येईपर्यंत करायचं काय म्हणून त्यानं घर बांधलं, असं अर्ल डॉटी म्हणायचा. लूएलासमोर नाही. अर्ल शेवंडीचे सापळे टाकून पोट भरणारा माणूस, शाळेत लूएलाच्या मागच्या बाकावर बसलेला, आणि तिच्या वेण्यांची टोकं शाईच्या दौतीत बुडवल्याबद्दल अजून माफ न झालेला.

जूनच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या दिवाणखान्यात कॅप्टनचं जेवण असे. सगळा गाव येई. एका टोकाला वीतभर उंच चौथऱ्यावर वरचं टेबल, तिथं एकोणीस खुर्च्या, आणि तिथं बसायचं ते फक्त कॅप्टनच्या रक्ताच्या वंशजांनी. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बटाटे आणि दूध घातलेलं चाउडर नावाचं सार मोठ्या पातेल्यात यायचं, आणि पहिलं ओगराळं जायचं वरच्या टेबलाला. मग क्रमानं बाकीची टेबलं. सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल, जिथं दार उघडलं की खुर्चीच्या पाठीला धक्का बसतो. लूएला विसाव्या वर्षापासून वर बसत आली होती. चाउडर दरवर्षी पातळ असतं असं तिचं मत होतं, आणि दरवर्षी ती स्वयंपाकघरातल्या बायकांना तसं लेखी कळवायची.

वर कुणी बसायचं हे ठरवण्यासाठी कागद तपासायचे असत, आणि ते काम तिच्याकडं होतं. तिचं आवडतं हत्यार म्हणजे जुनं कॅलेंडर. त्या काळी इंग्रजांच्या मुलखात, आणि हा किनारा तेव्हा त्यांचाच, नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे चोवीस दिवस हे सरत्या वर्षाची शेपटी. जुन्या वहीतला दहा मार्च १७१३ हा एप्रिल १७१३च्या आधी येत नाही, जवळजवळ वर्षभर नंतर येतो. ही गोष्ट तिनं पाद्र्याला, नळ दुरुस्त करणाऱ्याला आणि एका नवरीला तिच्याच लग्नात समजावून सांगितली होती. या एका नियमावर किती जणांना तिनं चौथऱ्यावरून खाली उतरवलं याची मोजदाद नाही.

त्यातलाच एक अर्ल. तेहतीस वर्षांपूर्वी त्यानं अर्ज केला होता, तोही स्वतःसाठी नाही. त्याची आई अ‍ॅडी आजारी होती, आणि आपण कॅप्टनच्या धाकट्या मुलीच्या, पेशन्सच्या, वंशातल्या आहोत असं ती जन्मभर ऐकत आली होती. एकदा तिला वर बसायचं होतं. लूएलानं कागद पाहिले. कॅप्टन बुडाला दोन एप्रिल १७१३ला. पेशन्सचा बाप्तिस्मा दहा मार्च १७१३ला. "म्हणजे बाप गेल्यावर अकरा महिन्यांनी, अर्ल," ती म्हणाली. "पेशन्स कॅप्टनच्या बायकोची असेल. कॅप्टनची नाही." अर्लनं टोपी डोक्यावर घातली आणि गेला. अ‍ॅडी त्या जूनमध्ये दाराजवळच्या टेबलावर बसली आणि पुढचा जून तिनं पाहिला नाही. अर्ल तेव्हापासून दरवर्षी जेवणासाठी तिसऱ्यांच्या चार बादल्या आणून देतो आणि दाराजवळच बसतो.

लूएला स्वतः कॅप्टनच्या मुलाच्या, जोसायाच्या, वंशातली. तिचा वंशावळीचा तक्ता चौकटीत घालून चुलीवरच्या भिंतीला लावलेला होता. विसाव्या वर्षी तिनं तो आपल्या हातानं लिहून काढला होता आणि नंतर कधी तपासला नव्हता. देव्हाऱ्यातल्या देवाचा दाखला कोण मागतं?

तर १९७१च्या मे महिन्यात बॉस्टनच्या एका जुन्या कागदांच्या संग्रहातून तिला एक पाकीट आलं. आत कॅप्टननं गलबताच्या मालकाला लिहिलेल्या पत्राची फोटो काढलेली प्रत. लूएला पाकीट हातात धरून अंगणात फिरली, मग आत आली, मग परत अंगणात गेली. कॅप्टनच्या हातची अक्षरं! यंदाच्या जेवणात भाषण तिचंच होतं, आणि आता त्या भाषणाला कॅप्टनचा स्वतःचा आवाज मिळणार होता. बार्बाडोसला डोलकाठी मोडली, खलाशी तापानं पडले, दुरुस्तीला हिवाळा गेला, असं सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, १७०६च्या बारा एप्रिलला मी घर सोडलं, आज जून १७०७, गलबत बॉस्टनला लागलं, उद्या घरी निघतो, चौदा महिने मी बायकोचं तोंड पाहिलेलं नाही.

तिनं कॅप्टनच्या आयुष्यातली एकेक घटना एकेका कार्डावर लिहिली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर डावीकडून उजवीकडं ओळीनं मांडली. तेवढ्यात अर्ल मागच्या दारानं आला. यंदा बादल्या किती लागतील ते विचारायला.

"बूट काढ," लूएला म्हणाली.

"काढले. हे काय, पत्ते मांडलेस?"

"कॅप्टनचं आयुष्य आहे ते. हात लावू नकोस, तुझ्या हाताला आमिषाचा वास येतो."

अर्लनं हात मागं बांधले आणि वाकून वाचू लागला. वाचताना त्याचे ओठ हलायचे, शाळेतल्यासारखेच. "जोसायाचा बाप्तिस्मा, वय चार दिवस, वीस मार्च १७०६." मग पुढचं. "कॅप्टन निघाला, बारा एप्रिल १७०६." तो परत मागच्या कार्डावर आला. "लू, वर्ष कधी लागायचं म्हणालीस त्या काळी?"

"पंचवीस मार्चला. तेहतीस वर्षं झाली, अजून डोक्यात शिरत नाही तुझ्या?"

"शिरलंय गं," अर्ल म्हणाला. त्यानं मागचा हात सोडला, जोसायाचं कार्ड दोन बोटांनी उचललं, आणि ते निघण्याच्या कार्डाच्या पुढं, डोलकाठीच्या पुढं, तापाच्याही पुढं नेऊन परतण्याच्या जरासं अलीकडं ठेवलं. "चार बादल्या आणतो, नेहमीसारख्या," असं म्हणून त्यानं बूट चढवले आणि गेला.

लूएला उभी होती ती बसली. बारा एप्रिलला कॅप्टन निघालेला. मूल अकरा महिन्यांनी झालेलं. कॅप्टन त्या वेळी बार्बाडोसला डोलकाठी तासत बसलेला.

पुढचे तीन दिवस तिनं वकिली केली. कॅप्टन मधेच गुपचूप घरी येऊन गेला असेल. पण पत्र त्याच्याच हातचं होतं. मूल आधीच झालेलं असेल, बाप्तिस्मा उशिरा केला असेल. पण 'वय चार दिवस' असं पाद्र्यानं मुद्दाम लिहून ठेवलं होतं, मेल्याला दुसरं काही काम नव्हतं. कुणा दुसऱ्याच्या अर्जात असल्या सबबी आल्या असत्या तर तिनं त्या चहाबरोबर खाल्ल्या असत्या. चौथ्या दिवशी ती दफनभूमीत गेली आणि कॅप्टनच्या बायकोच्या, थँकफुलच्या, कबरीच्या पाटीसमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"थँकफुल," ती म्हणाली, "एकदा झालं, ते झालं. पण परत? दोन्ही वेळा मार्च! नऊ महिने मागं मोजले की जून. तुला जून महिना मानवत नव्हता, की फारच मानवत होता?"

थँकफुलनं काही खुलासा केला नाही.

संध्याकाळी कॅप्टनच्या वंशजांच्या मंडळाच्या अध्यक्षबाई, मिसेस विनिफ्रेड पीज, आल्या. त्या कॅप्टनच्या थोरल्या मुलीच्या वंशातल्या, त्यांची खुर्ची पक्की. त्यांनी चष्मा लावून सगळी कार्डं पाहिली, दोनदा चहा घेतला, आणि मग जोसायाचं कार्ड उचलून हळूच निघण्याच्या कार्डाच्या आधी, पहिल्या जागी ठेवलं.

"मिस स्नेलिंग, एकोणिसातले अकरा जण जोसायाचे आहेत. चौथरा ओस पडेल. कुणाला कळणार आहे?"

"अर्लला कळलंय."

"तो कुणाला बोललाय?"

"नाही."

"मग झालं तर. भला माणूस आहे तो."

त्या गेल्या. लूएलानं कार्ड होतं तिथंच राहू दिलं आणि जेवली. खरं सांगायचं तर तिला ती खुर्ची फार हवी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. वर्षातून एक दिवस ती कुणाची तरी कुणीतरी असायची, आणि सगळ्या गावादेखत असायची. भला माणूस आहे तो, हे वाक्य मात्र तिला माशाच्या काट्यासारखं घशाला लागलं.

झोपायच्या आधी तिनं कॅप्टनच्या मृत्युपत्राची नक्कल काढली. ती तिला तोंडपाठ होती, पण त्या दिवशी तिनं ती बोट ठेवून वाचली. 'माझा लाडका मुलगा जोसाया यास घर, वरची जमीन, आणि सूर्याची उंची मोजण्याचं माझं यंत्र.' आणि तिचं बोट तिथंच थांबलं. दर्यावर्दी माणूस. किनारा दिसत नसताना दिवस मोजून गलबत नेमकं खाडीत आणणारा. त्याला अकरा महिने मोजता आले नसतील? तो जूनमध्ये दारात आला, तीन महिन्यांचं पोर बघितलं, मोजलं, आणि आपलं म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षं लूएलाला कॅप्टनचा अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्याच्याबद्दल माया वाटली. आणि अ‍ॅडी डॉटी आठवून स्वतःची लाज वाटली.

जूनच्या शेवटच्या शनिवारी दिवाणखाना भरला. लूएला निळी टोपी घालून उभी राहिली. डोलकाठी झाली, ताप झाला, लोक माना डोलावत होते. मिसेस पीज तिच्याकडं रोखून बघत होत्या.

"आता मार्च," लूएला म्हणाली, आणि सगळं सांगितलं. तारखा दोनदा सांगितल्या, सवयीनं. "तेहतीस वर्षांपूर्वी मी हाच नियम एका बाईला लावला. नियम बरोबर होता. मला लावला म्हणून तो चूक ठरत नाही. पण कॅप्टनला माझ्यापेक्षा चांगलं मोजता येत होतं, आणि तरी त्यानं पोराला आपलं म्हटलं. तो जगता तर पेशन्सलाही आपली म्हणाला असता, असं मला वाटतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. अ‍ॅडी डॉटी इथं बसायला हवी होती. मला त्याचं फार वाईट वाटतं."

 जोसायाच्या बाकीच्या दहा वंशजांनी आपापल्या रिकाम्या वाडग्यांत पाहिलं. टोकाचे म्हातारे एझ्रा स्नेलिंग मोठ्यानं म्हणाले, "मी काही उठत नाही. माझा गुडघा धरलाय." बाकीच्यांचेही गुडघे धरले असावेत.

लूएला एकटी खाली उतरली. दिवाणखाना चांगला लांब आहे, आणि त्या दिवशी तो आणखी लांब झाला होता. दाराजवळच्या टेबलापाशी ती पोचली तेव्हा अर्लनं पायानं शेजारची खुर्ची पुढं सरकवली.

"बस, लू. टोपी काढ, नाहीतर दार उघडलं की चाउडरमध्ये पडेल."

ती बसली. टोपी मांडीवर ठेवली. "अर्ल, तुझी आई..."

"ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं. जेव आता."

सगळी टेबलं फिरून पातेलं शेवटी त्यांच्यापाशी आलं. वाढणाऱ्या बाईनं ते वाकडं करून तळापासून ओगराळं भरलं. लूएलानं वाडग्यात पाहिलं. चमचा आत उभा राहिला. बटाटे कमी आणि तिसऱ्याच तिसऱ्या, गच्च.

"हे काय?"

"तिसऱ्या. जड असतात, तळाला बसतात. पहिल्या ओगराळ्यात नुसतं पाणी जातं."

"अठ्ठेचाळीस वर्षं मी पाणी प्यायले? आणि तू आणून देत होतास, तू तरी सांगायचंस!"

"आईनं शपथ घातली होती," अर्ल म्हणाला. "ती बसली ना त्या वर्षी इथं, तिनं पहिला घास घेतला आणि मला म्हणाली, वरच्यांना सांगू नकोस रे, नाहीतर सगळे खाली येतील."

लूएला हसली, आणि हसता हसता तिला रुमाल काढावा लागला. मग तिनं मान खाली घालून वाडगा संपवला आणि दुसऱ्यांदा पुढं केला.