संगणकाच्या खोलीत

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या मराठी शाळेत संगणक आला, तेव्हा मी सातवीला गणित शिकवत होते. एका कापडाच्या व्यापाऱ्याने तो देणगी म्हणून दिला होता. कोणीतरी प्रशिक्षणाला जायला हवं होतं. सुट्टीत बाकीचे शिक्षक गावी खानदेशात निघाले होते, म्हणून मी गेले.

तिथे सगळं गुजरातीतून चाले. पण पडद्यावर एक कासव होतं, त्याला भाषा लागत नव्हती. किती पुढे जायचं, किती अंश वळायचं हे टाइप केलं की ते रेघ ओढत चालायचं. माझ्या वर्गातल्या मुलांना कोन कधी उमगलेच नव्हते. आता उमगतील, या आनंदात मी त्या कासवाची फ्लॉपी रुमालात गुंडाळून घरी आणली.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांना कासवाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आधी निकालपत्रकं, मग ट्रस्टची पत्रं, मग बघू. ते 'मग' काही येईना. मुलांना गणितं घालून द्यायची आणि चपला बाहेर काढून त्या खोलीत टाइप करत बसायचं, असे माझे दिवस जाऊ लागले. बाकीच्या बाईंना माझा हेवा वाटे. पंखा, गादीची खुर्ची, मुलांची कटकट नाही. घरीही सगळ्यांना कौतुक. तक्रार करणार तरी कुणाकडे?

मुलं दारात गर्दी करू लागली, तसं सरांनी मी आत असताना बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. तुम्हालाच त्रास नको, असं अगदी मऊ आवाजात म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही.

एके दुपारी किल्ली खिशात घेऊन सर रिंग रोडला ट्रस्टच्या ऑफिसात गेले आणि वीज गेली. पंखा थांबला. घामाने साडी अंगाला चिकटली, श्वास कोंडल्यासारखा झाला. मी दार वाजवलं. शिपाई बाहेरून म्हणाला, किल्ली सरांकडे आहे. शेवटी कापडी पडदा बाजूला सारून व्हरांड्याकडची खिडकी उघडली आणि गजांना तोंड लावून उभी राहिले. माझा वर्ग बाहेर गोळा झाला. मुलं घाबरून माझ्याकडे बघत होती.

वीज आली. गल्लीतले कापड विणणारे लूम पुन्हा धडधडू लागले. मी संगणकाचा पडदा खिडकीकडे वळवला आणि पिशवीतली फ्लॉपी घातली.

"बाई, कासव चाली ऱ्हायनं," एक मुलगी हळूच म्हणाली.

चौरस करायला किती वळवू, असं मी विचारलं. कोणी पन्नास म्हणालं, कोणी शंभर. प्रत्येक उत्तर मी टाइप केलं. वाकडेतिकडे आकार बघून मुलं हसत होती. नव्वदला रेघा जुळल्या. आत कोंडलेली असताना मी त्या वर्षातला सर्वांत चांगला तास घेतला.

सर परतले. रागावले नाहीत. मुलं वर्गात गेल्यावर मी म्हटलं, "सर, मला कुलूप लावू नका."

"नाही लावणार," ते म्हणाले. "पण ही खिडकी बंद राहील."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने बाहेरून फळ्या ठोकल्या, तेव्हा मी आत निकालपत्रक टाइप करत होते. पुढच्या वर्षी सातवीचं गणित दुसऱ्या बाईंना दिलं गेलं. दार उघडंच असायचं, आणि मी रोज आपणहून आत जाऊन बसायचे.