शेवंड वाचवल्याबद्दल सत्कार

आमच्या देवासच्या घरात शेवंड कुणी पाहिलेलीच नव्हती. मी समुद्रातल्या प्राण्यावर पीएच.डी. करणार म्हटल्यावर बाबांनी विचारलं, "झिंगा की खेकडा?"

"झिंग्याची मोठी, काटेरी बहीण," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि मला कोकणच्या गाडीत बसवून दिलं.

बंदरावर आलेल्या शेवंडीच्या पायाचं टोक कापायचं, अल्कोहोलमध्ये ठेवायचं आणि प्रयोगशाळेत त्यातून डीएनए काढायचा. कोणती शेवंड कोणत्या किनाऱ्याच्या वंशाची, हे ओळखता येईल अशा खुणा त्यात शोधायच्या. त्यांना मार्कर म्हणतात. ते मिळाले की मासेमारी कुठे थांबवायची ते सांगता येणार होतं.

दुसऱ्या वर्षी जाळ्यात येणाऱ्या बहुतेक माद्यांच्या पोटाखाली नारिंगी अंडी असायची. अंड्यांसकट त्या वजनावर विकल्या जायच्या. मी माझ्या गाइडसरांना म्हटलं, "निदान अंडीवाल्या तरी सोडायला सांगू या ना. मत्स्य खात्याला आत्ताच कळवू."

"आधी मार्कर. पुराव्याशिवाय आपलं हसं होईल."

मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी त्यांनी मला बंदरावर पाठवणंच बंद केलं.

मार्कर उत्तम निघाले. जुन्या नमुन्यांवरून स्पष्ट दिसलं, की त्या किनाऱ्याची शेवंड वेगळ्याच वंशाची आहे. ती संपली तर दुसरीकडून येऊन तिची जागा कुणी भरणार नाही. मी धावत बंदरावर गेले. शेवंडीची जाळी गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली होती. ओळखीची मासेवाली म्हणाली, "आता कशाला आलीस गं? महिने झाले, एक दिसली नाही."

सरांचा पेपर छापून आला. मला डिग्री मिळाली. आता मी देवासला एका कॉलेजात हिंदीतून प्राणिशास्त्र शिकवते.

मागच्या वर्षी धारला आमच्या समाजाने माझा सत्कार ठेवला. काकांनी माइक धरला, "आपल्या पोरीनं समुद्रातला एक जीव वाचवला, भिया!"

मी त्यांच्या कानाशी वाकले. "काका, वाचला नाही तो. संपला."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "बेटा, मंचावर असं नाही बोलत. फोटो खिंचवून घे."

शाल पांघरली, टाळ्या झाल्या. जेवताना शेजारच्या बाईंनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "लागते कशी हो ती, खायला?"

मी ताट तसंच ठेवून उठले.