स्टॉपरचा फोटो

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून हॉकीवर भांडणारी माणसं आमच्याशिवाय दुसरी नसतील. समोर क्रिकेटची नेट लागलेली असतात, मागून सकाळी फिरायला आलेली मंडळी जात असतात, आणि आम्ही तिघं दर रविवारी तीस-तीस वर्षांपूर्वीच्या मॅचेस पुन्हा खेळत बसतो. एक आमचा गोलकीपर, बँकेतून नुकताच निवृत्त झालेला, तोंडाने फटकळ. दुसरे मास्तर. ते परळच्या एका शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या क्लबला हॉकी. आता ऐंशीला टेकलेत, पण अजून कट्ट्यावर पाय न हलवता ताठ बसतात. तिसरा मी. मी कमी बोलतो. स्वभावच तसा आहे असं सगळे समजत आले, मीही त्यांना तसं समजू दिलं.

यंदा भांडायला खरंखुरं कारण मिळालं. लालबागची आमच्या क्लबची जुनी इमारत पडून नवी उभी राहिली आणि तिच्यात क्लबला एक खोली मिळाली. खोलीच्या भिंतीवर खिडकी आणि स्विचबोर्ड यांच्यामध्ये सहा फ्रेम बसतात. सहा जुने खेळाडू निवडायचं काम कमिटीने आमच्यावर सोपवलं. पाच नावं दोन रविवारांत ठरली. गोल करणारे दोन, एक सेंटर हाफ, गोलकीपर स्वतः आणि पाचवा मी. मी ‘नको, नको’ म्हटलं. ते नम्रपणा म्हणून खपून गेलं.

सहाव्या फ्रेमवर गाडी अडली.

“स्टॉपरला घ्या,” मास्तर म्हणाले.

“त्याला?” गोलकीपर उसळला. “मास्तर, दोन मोजे लक्षात राहिले नाहीत ज्याला, त्याचा फोटो लावायचा? मग मैदान झाडणाऱ्याचापण लावा.”

“मैदान झाडणाऱ्याचा लावायलाच पाहिजे खरं तर,” मास्तर शांतपणे म्हणाले. “पेनल्टी कॉर्नरला तिघं लागतात. गोललाइनवरून बॉल ढकलतो तो पुशर. गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, म्हणजे डीच्या टोकाला वाकून तो थांबवतो तो स्टॉपर. मग मारतो तो हिटर. पेपरात नाव कुणाचं? हिटरचं. बॉल इंचभर उडला तर हिटर काय डोंबल मारणार? आता इथं बसलाय हा आपला हिटर, विचार याला. याच्या गोलांतले निम्मे त्याचे.”

मी म्हणालो, “निम्म्याहून जास्त.”

“मग?” मास्तर.

“मग सेमीफायनलचं काय?” गोलकीपर म्हणाला. “सगळा सीझन थांबवलेन, आणि जिथं थांबवायचा तिथं सोडलान. मी एकटा उघडा पडलो मेल्यामुळे. शंभर बॉल थांबवले त्याचं काय घेऊन बसलात!”

हा वाद तीन रविवार चालला. दर वेळी तो सेमीफायनलपाशी येऊन थांबायचा आणि मी समोरच्या नेटकडे बघत बसायचो. चौथ्या रविवारी मास्तर थकले. म्हणाले, “ठीक आहे बाबा, तुझंच खरं. नको घेऊया त्याला.” आणि खिशातून यादी काढून स्टॉपरच्या नावावर रेघ मारायला पेन उघडलं.

मी म्हणालो, “थांबा.”

सांगायचं काय आहे ते मला तीस वर्षं पाठ होतं. फक्त तोंडातून निघत नव्हतं.

आमच्या कॉर्नरचा इशारा मोज्यांवर असायचा. हिटर म्हणून तो मी द्यायचो. डावा मोजा वर ओढला की सरळ मार, म्हणजे स्टॉपरने बॉल जागच्या जागी थोपवून ठेवायचा आणि मी तो हाणायचा. उजवा ओढला की स्टॉपरने बॉल थांबवल्यासारखं करून अलगद उजवीकडे सरकवायचा, तिथं राइट-इन, म्हणजे आमचा उजवीकडचा फॉरवर्ड, उभा असायचा. आणि मास्तरांचा एक नियम होता, आम्ही घोकलेला. शेवटी दिलेला इशारा खरा. कारण समोरची टीम कशी उभी आहे ते बघून आयत्या वेळी बेत बदलावा लागतो.

त्या दिवशी एकेक गोलची बरोबरी होती आणि शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती. कॉर्नर मिळाला. मी डावा मोजा ओढला. सगळ्यांनी पाहिला. राइट-इन रिबाउंडसाठी गोलपोस्टकडे धावायच्या तयारीत वळला, पुशर बॉलवर वाकला. स्टॉपर तेवढा अजून माझ्याकडे बघत होता. तो नेहमी शेवटच्या क्षणापर्यंत बघायचा. आणि माझा उजवा मोजा घसरून घोट्यावर आला होता. आतला नडगीचा पॅड बाहेर डोकावत होता. मी तो वर ओढला.

कुठलाही बेत नव्हता. सवयीने हात गेला. आपण काय केलं हे मला ओढता ओढताच कळलं, पण तोवर बॉल निघाला होता.

स्टॉपरने नियमाप्रमाणे तो उजवीकडे सरकवला, इतका सुरेख की मी मोकळ्या जागेवर स्टिक फिरवली. उजवीकडे कुणीच नव्हतं. त्यांचा धावून आलेला गडी तो बॉल घेऊन जो सुटला तो थेट आमच्या गोलकीपरसमोर. हरलो.

ड्रेसिंगरूममध्ये सगळे स्टॉपरच्या अंगावर धावले. तो म्हणत होता, “उजवा ओढला यानं. डावा ओढला, मग उजवा ओढला. शेवटचा खरा ना?” पुशर म्हणाला डावा. राइट-इन म्हणाला डावा. कुणीच खोटं बोलत नव्हतं, त्यांनी डावाच पाहिला होता. मास्तरांनी मला विचारलं, “तू सांग. उजव्याला हात लावलास?”

मी म्हणालो, “नाही.”

एक शब्द. त्या दिवशी गॅलरीत एका सरकारी ऑफिसच्या टीमचे साहेब बसले होते. आमच्यातले दोघं त्यांना नोकरीवर घ्यायचे होते, मी आणि स्टॉपर, असं जवळजवळ ठरलेलं होतं. त्यांनी एकालाच घेतलं, मला. त्याच खुर्चीवर बसून मी दोन प्रमोशनं घेतली, मुलीचं लग्न केलं. स्टॉपरने पुढच्या सीझनला स्टिक ठेवली आणि एसी दुरुस्तीचं काम शिकून तो मस्कतला गेला.

हे मी कट्ट्यावर सांगितलं, इथं लिहिलंय तितपत सरळही नाही, मागेपुढे करत. सांगताना गोलकीपरकडे बघितलं नाही.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

मग गोलकीपर म्हणाला, “भडव्या.” एवढंच. थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू, “भडव्या, त्याच्या आईच्या मयताला मी गेलो नाही. राग होता म्हणून. गिरगावातच, त्याच्या घराजवळच होतो त्या दिवशी, तरी गेलो नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

“काय माहीत आहे? काय माहीत आहे तुला?” तो उठून उभा राहिला. “चल. टॅक्सी थांबव.”

“कुठं?”

“त्याच्याकडे. आता हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग. मास्तर, येताय?”

मास्तर उठलेच होते.

स्टॉपर मस्कतहून परत येऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती. गिरगावातल्या आपल्या जुन्या वाडीतच राहतो, आजोबा-पणजोबांपासूनचं लाकडी घर, दाराशी क्रूस. हे मला ठाऊक होतं, कारण मी त्या वाडीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन परत आलो होतो. टॅक्सीत मी पुढे बसलो. मागे गोलकीपर अधूनमधून नाकाने सूं करत होता. वाडीपाशी उतरलो.

स्टॉपर नुकताच चर्चहून आला होता. इस्त्रीचा शर्ट काढून बनियनवर व्हरांड्यात कांदे सोलत बसला होता. आम्हाला बघून सुरी हातातच राहिली.

“अरे! काय रे, फुल टीम? कोण मेला?”

“कोणी नाही,” गोलकीपर म्हणाला. “याला काहीतरी बोलायचंय तुझ्याशी. ऐकून घे. मग मारायचं असेल तर मी धरतो.”

त्याची बायको आतून आली, आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते फारच थोडक्यात झालं. उजवा मोजा मी ओढला होता. तू बरोबर होतास. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

तो मला वाटलं होतं तसा ओरडला नाही. सुरी खाली ठेवली. बायकोकडे वळून म्हणाला, “ऐकला? ऐकला तू? मी काय बोलत होतो?”

“ऐकलं,” ती म्हणाली. मग आमच्याकडे बघून, “लग्नाच्या आधीपासून ऐकतेय मी हे मोज्याचं.”

“डोळे तपासून घेतले मी,” तो मला म्हणाला. “माहीत आहे तुला? मॅचच्या दुसऱ्याच दिवशी. डॉक्टर बोलला, एकदम फर्स्ट क्लास, नंबर नाही, काही नाही. मग मला वाटला, डोळे चांगले तर डोकाच खराब. जे झालाच नाही ते दिसतो मला. स्टॉपरला दुसरा काय असतो रे? ना स्पीड, ना शॉट. बघायचा आणि वाकायचा. बघण्यावरच भरोसा नाही तर वाकून काय करू? म्हणून सोडला.”

मला वाटत आलं होतं की त्याने नोकरी गेली म्हणून हॉकी सोडली. तीस वर्षं मी त्याच्या पगाराचा विचार करत होतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी म्हणालो, “तुझी नोकरी—”

“नोकरी सोड. त्याच्यावर मी खूप शिव्या दिल्या, तुला पण दिल्या, मस्कतमध्ये गच्चीवर एसी खोलून बसायचा आणि द्यायचा. त्या संपल्या.” तो थांबला. “तू आला नसता ना, तर मी मरेपर्यंत मनात बोललो असतो, कदाचित नव्हताच ओढला.”

मग त्याने हाताच्या पंजाने डोळे पुसले. कांद्याचा हात, त्यामुळे आणखीच झोंबलं, आणि तो शिव्या देत नळाकडे पळाला. गोलकीपर मोठ्याने हसला. मलाही हसू आलं आणि ते आवरेना. छातीवर एवढी वर्षं कुणीतरी गुडघा टेकून बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटत होतं. त्याने मला माफ केलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तो तोंड धुऊन आल्यावर मास्तरांनी यादी त्याच्यासमोर ठेवली आणि फोटो मागितला.

इथं नवीनच पंचाईत. त्याने कपाटातून जुनी पाकिटं काढली. खेळतानाचे फोटो सात-आठ होते आणि एकाही फोटोत त्याचा चेहरा नव्हता. सगळीकडे तो वाकलेला. पाठ, कोपर, स्टिक. आणि प्रत्येक फोटोच्या मधोमध, स्टिक मागे घेतलेला, चेहऱ्यावर उजेड पडलेला मी.

“आपण पासपोर्टवरचा लावू,” मास्तर म्हणाले. “माणूस ओळखू यायला हवा.”

“पासपोर्टमध्ये चोर दिसतो मी.”

“मग हा लावू आणि याला कापून टाकू,” गोलकीपर माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाला. अर्धीच गंमत होती त्यात.

मी म्हणालो, “कापा. आणि माझी फ्रेम काढा तिथली. मला खरंच नको आहे.”

“ए, ए!” स्टॉपर म्हणाला. “एवढा पण साधू बनू नको. गोल तू मारले ना? मग?” त्याने तो फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला, चष्मा न लावता. “कापू नको काही. असाच लावा. फक्त खाली माझा नाव लिहा. एकट्याचा.”

“आणि पुशर?” मास्तरांनी लगेच काढलं. “पुशर तर फोटोतच नाही. गोललाइनवर असतो तो, फ्रेमच्या बाहेर. त्याने ढकलला नसता तर तू काय थांबवणार होतास?”

“पुशर काय मास्तर, पुशर कोणी पण करेल!” स्टॉपर म्हणाला.

“अस्सं? उद्या मैदानावर ये आणि करून दाखव!”

मग ते तिघं जे भिडले ते त्याच्या बायकोने पानं घेतली तरी उठेनात. मी मध्येच म्हणालो की पुशरचं महत्त्व खरं म्हणजे स्टॉपरपेक्षा थोडं कमीच आहे. मास्तर माझ्यावर खेकसले, “तुला काय कळतंय रे त्यातलं? तू गप्प बस.”

मी गप्प बसलो नाही. जेवण निवेपर्यंत भांडलो.