चौदा हजार फुटांची भावकी

खिंडीचं पहिलं दर्शन मला नवी मुंबईतल्या करावे गावात, आमच्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घालताना झालं. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. बर्फाची लांबलचक चढण, तिच्यावर ठिपक्यांएवढी माणसं, आणि मग एकदम उघडलेली पलीकडची दरी. मी तो पुन्हापुन्हा पाहत बसले आणि तेवढ्यात कावळ्याने पापड नेले.

माझं माहेर सारसोळे, सासर करावे. दोन्ही गावं खाडीच्या काठी, त्यामुळे माझं सगळं आयुष्य समुद्रसपाटीवर गेलेलं. भूगोल शिकवताना मी फळ्यावर पर्वत काढते खरी, पण स्वतः नियमाने चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे नेरूळ स्टेशनचा पूल. त्यात डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची खबर दिली: आणखी एखादं वर्ष साथ देईल, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे जायचं तर याच उन्हाळ्याच्या सुट्टीत, नाहीतर या जन्मी नाही. मी लगेच सुमनला फोन लावला. सुमन माझी धाकटी नणंद, शिरवणे गावात दिलेली आणि माझ्या प्रत्येक वेडेपणातली भागीदार. "वहिनी, तू जातंस त मी हाय," एवढंच म्हणाली. हिमाचलात ट्रेक चालवणाऱ्या एका गाइडकडे आम्ही दोघींची नावं नोंदवली.

सरावासाठी आम्ही पामबीच रोडचा फुटपाथ निवडला. तो एवढा सपाट आहे की त्याच्यावर गोटीसुद्धा घरंगळत नाही, पण पाठीवर वजन घेतलं की चढ चढल्यासारखं होतं, असं इंटरनेटवर लिहिलं होतं. सॅकमध्ये तांदूळ भरून आम्ही निघालो. डाव्या हाताला खाडीत फ्लेमिंगो, उजव्या हाताला उंच इमारती, मधे आम्ही दोघी, नवे बूट, हातात काठ्या. कुत्रे फिरवायला आलेल्या एका गृहस्थांनी श्वास कसा घ्यावा ते फुकट शिकवलं. तिसऱ्या दिवशी सुमनची सॅक फाटली आणि सिग्नलपासून पुढे तांदळाची रेघ पडत गेली. मागे वळून पाहिलं तर गावाच्या लग्नात माणसं नसतील एवढी कबुतरं आमच्या मागे चालत होती.

घोटाळा मात्र वेगळाच झाला. गावातल्या कुणीतरी आम्हाला रिक्षातून पाहिलं आणि घरी पोचायच्या आत बातमी पोचली की रंजना आणि सुमन सामान घेऊन घर सोडून गेल्या. दारात चपलांचा ढीग पडला होता. आत मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, खुर्चीत बसले होते. आमचे हे कोपऱ्यात उभे होते. ते भावासमोर बोलत नाहीत. माझ्यासमोरही फारसं नाही.

मी खिंडीचं सगळं सांगितलं. घर सोडलेलं नाही हे कळल्यावर भाऊजींचा जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला.

"यकट्या दोघी जानार? मंग आमची भावकी मेली का?"

हे समजून घ्यायला आमच्या गावचा कायदा ठाऊक हवा. आमच्यात एकटं कुणी कुठे जात नाही. हळद असो की हॉस्पिटल, अख्खा टेम्पो भरतो. बाळाचे कान टोचायलासुद्धा दोन गाड्या लागतात. आणि एका घराला सांगितलं की बाकीच्या घरांना सांगावंच लागतं, नाहीतर रुसवे दोन पिढ्या पुरतात. भाऊजींनी त्यांच्या घराला सांगितलं, तिथून काकींच्या घराला कळलं, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघींचे चाळीस झालो.

मग बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीत खिंड चौदा हजार फुटांवर होती. दुसऱ्या बैठकीत काकींच्या दम्याचा विषय निघाला आणि सर्वानुमते ती दहा हजारांवर आणली गेली. तिसऱ्या बैठकीत आचारी, गॅस आणि मोठी पातेली न्यायचं ठरलं. पातेली पाठीवर चढणार नाहीत, तेव्हा जिला गाडीरस्ता आहे अशी खिंड शोधावी, असं निघालं. चौथ्या बैठकीत एक भाचेजावई म्हणाले, थंडीच पाहिजे तर महाबळेश्वर काय वाईट? त्या दिवशी खिंड साडेचार हजारांवर येऊन थांबली. आणखी एक बैठक झाली असती तर ती बेलापूरला टेकली असती.

माझी झोप उडाली. ज्याची त्याची काळजी खरी होती, प्रेमही खरं होतं, आणि त्या प्रेमाखाली माझी खिंड दबत चालली होती. पाचव्या बैठकीत मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर बोलले.

"भाऊजी, हा गुडघा माझ्याकडे एकच वर्ष आहे. मला ती खिंड पायांनी ओलांडायची आहे. तुम्ही सगळे या, पण खिंड खाली आणू नका."

आमचे हे पहिल्यांदा कोपऱ्यातून पुढे आले आणि म्हणाले, दादा, तिला जाऊ दे. भाऊजींनी बराच वेळ पानाला चुना लावला. मग म्हणाले, "ठीक हाय. खिंड तितंच ठेवा. आपुन पायथ्याला बसू."

अशा रीतीने करावे गाव हिमालयाकडे निघालं. गाडीच्या डब्यात सुकटीच्या चटणीचा वास असा पसरला की समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने स्वतःहून जागा बदलून घेतली. बायकांनी रात्री हळदीची गाणी म्हटली, का ते कुणी विचारलं नाही. पायथ्याच्या गावात आमच्या दोन बसेस थांबल्या, पातेली उतरली, आणि गाइड देवीसिंगच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ये सब जोत पे जाएँगे?" (जोत म्हणजे त्यांच्याकडे खिंड.) दोघीच जाणार म्हटल्यावर त्याने देवाचं नाव घेतलं. संध्याकाळी तिथल्या बायकांनी आम्हाला सिद्दू (आत अक्रोडाचं सारण भरून वाफवलेला पाव) खाऊ घातला. आमच्याकडून त्यांना तळलेले बोंबील गेले. ते मांजरांनी आवडीने खाल्ले.

आम्ही दोघी इतर अनोळखी ट्रेकरांबरोबर निघालो. देवदाराचं जंगल संपलं, गवताळ कुरणं लागली, मग नुसते दगड आणि गार पाण्याचे ओढे. दुसऱ्या मुक्कामाला सुमनचं डोकं ठणकायला लागलं. तिला उलट्या झाल्या. देवीसिंगने तिला तपासलं आणि हिला आता खाली न्यायला हवं म्हणाला. मी माझी सॅक उचलली. सुमनने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू जा. माजे वाटनीचं पन बगून ये."

तिला घेऊन एक मदतनीस उतरला, आणि मी जन्मात पहिल्यांदा भावकीशिवाय चालू लागले.

शेवटच्या चढावर बर्फात गुडघा प्रत्येक पावलाला बोलत होता. मीही त्याला सारसोळ्याच्या भाषेत उत्तर देत होते. मग एकदम चढ संपला. मागे हिरवी दरी, पुढे तपकिरी, उघडे, झाड नसलेले डोंगर, आणि मधे मी. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चाळीस माणसांतून सुटका मिळवून मी तिथवर आले होते, आणि वर पोचल्यावर पहिला विचार आला तो हा, की भाऊजींना हे दाखवायला हवं होतं. शेजारचे ट्रेकर आपापले फोटो काढत होते. मला बघ म्हणायला कुणी नव्हतं. मी खाली बसले आणि रडले.

पलीकडच्या उतारावरून दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याला लागले तर समोर आमच्या दोन बसेस. डोंगराखालून बोगदा आहे. भावकी त्यातून पंधरा मिनिटांत पलीकडे आली होती आणि सकाळपासून तिथे ठाण मांडून होती. सुमन शाल गुंडाळून, हसत उभी होती. पातेली झाकलेली, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. मी म्हटलं, तुमची जेवणं झाली असतील, मला काहीतरी वाढा. ऊन कलायला लागलं होतं.

"कोनी नाय जेवला," भाऊजी म्हणाले. "तू वर उपाशी का जेवलेली, आमाला काय ठाव? मंग घास कसा उतरंल?"

काकी, लहान मुलं, दम्याचे, मधुमेहाचे, सगळे थांबले होते. त्या उघड्या दगडगोट्यांवर आमची पंगत बसली आणि पहिली भाकरी माझ्या ताटात पडली.

आता गावात भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमी चौदा हजार फुटांची खिंड वलांडली. पहिले काही दिवस माझ्या जिवाची तगमग झाली. गुडघा माझा, बर्फ माझा, आणि नाव बोगद्याचं. शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये त्याच सहकारी बाईंनी विचारलं, शेवटी कितीजणांनी ओलांडली हो खिंड?

मी म्हटलं, चाळीस. एकीने वरून, बाकीच्यांनी खालून, उपाशीपोटी.