अराबाचा मंगळवार

अराबाचं घर आमच्या कुंपणाला लागून आहे आणि तिच्या भट्ट्या बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. त्यामुळे तिच्याबद्दलचं बरंचसं मला कुणाला विचारावं लागलं नाही. ते धुराबरोबर आपोआप घरात येत गेलं.

तिची आई गेली तेव्हा मागे मासे धुरवायच्या चार मातीच्या भट्ट्या राहिल्या, जाळी मारलेल्या लाकडी चौकटींची चळत राहिली, आणि एसुऑन मावशींच्या निळ्या नावेचे मासे राहिले. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. आमच्या फांती लोकांच्या किनाऱ्यावर नावा बायकांच्याही असतात, आणि एसुऑन मावशींच्या तर तीन. कुठल्या नावेचे मासे कुठल्या बाईच्या भट्टीवर जाणार हे त्या ठरवतात. ते एकदा ठरलं की आईकडून मुलीकडे चालत येतं. अराबाचा नवरा मासेमारीसाठी दूर आबिजानकडे असतो, वर्षातून कधीतरी उगवतो. तिचं घर चालतं ते त्या निळ्या नावेवर.

अराबा आळशी होती असं मी म्हणणार नाही. आळशी बाई दिवसभर धुरात उभी राहत नाही. तिचं दुखणं वेगळं होतं. समोर मासे येऊन पडले की ती वाघीण. पण जे काम आत्ता ओरडत नाही ते तिच्या लेखी नव्हतंच. भट्टीला भेग गेली? मंगळवारी लिंपू. चौकटीची जाळी उसवली? मंगळवारी बघू. राख साचलीय, लाकडं छपराखाली रचायचीत, नारळाची सोडणं वाळत घालायचीत, सगळं मंगळवारी.

मंगळवारी इथे कोणी समुद्रात नाव घालत नाही. तो समुद्राचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी मासे नाहीत म्हणजे भट्टी थंड, हात मोकळे. म्हणून किनाऱ्यावरची प्रत्येक बाई आपली उरलीसुरली कामं मंगळवारच्या पोत्यात कोंबत असते. मयताच्या घरी जायचं मंगळवारी, दवाखान्यात जायचं मंगळवारी, नणंदेशी राहिलेलं भांडणसुद्धा मंगळवारी. बिचाऱ्या एका दिवसाने करावं तरी काय? अराबा मंगळवारी उठायची, ढिगाकडे बघायची, आणि आधी स्टुलावर बसून निवांत केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उंडा, आणि मिरचीचा ठेचा खायची. तेवढ्यात कुणीतरी काळे कपडे घालून मयताला निघालेलं दिसलं, की ही हात धुऊन त्यांच्या मागे. काम पुढच्या मंगळवारी.

त्यात नाव अराबा. आमच्याकडे वारावरून नाव पडतं आणि अराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली. मग बायकांना आयतंच सापडायचं. "समुद्रसुद्धा झोपलेला असताना ही जगात आली," अबाकोमा नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आता हिला कोण जागं करणार?" अबाकोमाच्या भट्ट्या तीन घरं सोडून आहेत. तिच्याकडे मावशींची पिवळी नाव. तिची जीभ आणि भट्ट्या, दोन्ही कायम तापलेल्या.

गेल्या मोसमात व्हायचं तेच झालं. निळी नाव काठोकाठ भरून आली. टोपल्यांवर टोपल्या अराबाच्या अंगणात. दोन भट्ट्यांच्या तोंडाशी एवढाल्या भेगा की आत धूर टिकेना, चौकटींतून मासे सरळ विस्तवात पडायला लागले, आणि लाकडं आदल्या पावसात भिजलेली. अराबा वेड्यासारखी धावली. संध्याकाळपर्यंत अर्धे मासे वाळूवर पसरलेले होते आणि त्यांना वास सुटला होता. शेवटी कोंबड्यांच्या खाद्यासाठी कुणीतरी पोत्यात भरून नेले. एसुऑन मावशी आल्या, काठीने एक मासा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"तुझ्या आईला मी शब्द दिला होता, तुला नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या मोसमाच्या पहिल्या मोठ्या दिवशी मी बघेन. एक टोपली जरी वाळूत गेली तरी निळी नाव अबाकोमाची."

मग एका मंगळवारी, नळावर ऐन गर्दीच्या वेळी, तिने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "ऐका गं सगळ्याजणी. आजपासून मंगळवारी मी कामाला हात लावणार नाही. लिंपणार नाही, शिवणार नाही, राख काढणार नाही. समुद्राचा दिवस तसा माझाही."

मग असा हशा पिकला की नळाखालच्या बादल्या भरून वाहायला लागल्या तरी कुणाचं लक्ष नाही.

"म्हणजे आतापर्यंत काय करत होतीस?" अबाकोमाने डोळे पुसत विचारलं.

"आतापर्यंत करीन करीन म्हणत होते. आता म्हणणारही नाही."

मलाही हसू आलं होतं, नाही कशाला म्हणू. जिची सगळी कामं रखडलेली तिने सुट्टीची शपथ घ्यायची! पण पुढच्या मंगळवारी खिडकीतून मी जे बघितलं त्याने माझ्या चुलीवरचं जळायची वेळ आली. अराबा चांगलं निळं-पांढरं लुगडं गुंडाळून, कानातले घालून, अंगणाच्या मधोमध कडुनिंबाखाली स्टुलावर बसली होती. समोर चारही भट्ट्या. पहिला तास बरा गेला. मग तिची चुळबुळ सुरू झाली. सहा दिवस जिला एक भेग दिसत नव्हती, तिला त्या दिवशी सगळ्या भेगा एकदम दिसायला लागल्या. ती उठायची, दोन पावलं जायची, हात मागे बांधायची आणि परत येऊन बसायची.

"अगं लिंप की मग!" मी कुंपणावरून म्हटलं. "एवढं खुपतंय तर."

"नाही ताई. आज खुपू दे. आज लिंपलं तर उद्यापासून पुन्हा मी म्हणेन, मंगळवार आहेच की."

बुधवारी उजाडायच्या आत ती वारुळाची माती भिजवत होती.

तेव्हापासून तिची रीत बदलली. मासे उतरवले की भट्टी कोमट असतानाच मुठीएवढा चिखल घेऊन त्या दिवशीची भेग त्याच दिवशी बुजवायची. चौकट उसवली की ती बाजूला टाकायची नाही, मांडीवर घ्यायची; तार कानामागे खोचलेलीच असायची, आमचे गुरुजी पेन्सिल खोचतात तशी. राख काढल्याशिवाय जेवायचं नाही. सगळी कामं अशी बारीक की त्यांना काम म्हणायलाही संकोच वाटावा. पण ती चुकायची. बरेचदा चुकायची. एकदा सोमवारी फोडलेली लाकडं अंगणात तशीच टाकून झोपली. मंगळवारी दुपारी आभाळ फुटलं. मी ताडपत्री घेऊन धावले, तर ही ओसरीत उभी आणि हात आडवा.

"ताई, राहू दे."

"अगं लाकडं भिजतायत!"

"भिजू देत. काल ती माझी होती. आज माझी नाहीत."

"वेडी आहेस का तू?"

"असेन. पण मी आज ती झाकली ना, तर सोमवार पुन्हा मोकाट सुटेल."

आम्ही दोघी ओसरीत उभ्या राहून चांगल्या लाकडांची माती होताना बघत राहिलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे तीन दिवस ओल्या लाकडाच्या धुराने ती खोकत होती आणि तिच्याबरोबर मीही. पण नंतर सोमवारी संध्याकाळी तिच्या अंगणात एक काटकी उघड्यावर राहिली असेल तर शपथ.

गावाने मात्र हे असं पाहिलंच नाही. गावाला दिसायचं ते एवढंच की सगळ्या बायका मंगळवारी घाम गाळतात आणि अराबा नटून बसते. चर्चच्या बायकांनी तिला समजावलं. दिराने निरोप पाठवला की लाज आणू नकोस. ती प्रत्येकाला म्हणायची, "समुद्राला मंगळवारी कुणी जाब विचारत नाही. मला का विचारता?" (सगळीकडे तिची शिस्त अशी पसरली असंही नाही हं. माझी ठेचा वाटायची मातीची परात तिच्याकडे अजून आहे.)

मग मोसम लागला. मासे किनाऱ्याजवळ आल्याची बातमी आली. मंगळवार संपला की रात्री नावा निघणार आणि बुधवारी भरून येणार, हे पोराटोरांनाही माहीत होतं. त्या मंगळवारी सगळा किनारा कामाने नुसता घुमत होता. आणि अराबा माझ्यासमोर पाय पसरून बसली होती, अन् मी तिच्या वेण्या घालत होते. अर्धं डोकं झालं, अर्धं उभं. तेवढ्यात काठीचा आवाज. एसुऑन मावशी फाटकात.

"हे काय चाललंय?"

"वेण्या, मावशी," अराबा म्हणाली. मान हलवता येत नव्हती, केस माझ्या मुठीत. "बसा ना. पाणी आणू?"

"उद्या माझी नाव येतेय आणि तू डोकं सजवतेस?" मावशी थेट भट्ट्यांपाशी गेल्या. वाकून वाकून बघायला लागल्या. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी थांबल्या. "ही भेग?"

"काल रात्री उतरवताना गेली, तोवर मंगळवार लागला होता. उद्या ती पेटवणार नाही, तिघींवर भागतं. गुरुवारी बुजवीन."

"आत्ता बुजव."

माझे हात थांबले. अराबाचे खांदे ताठ झालेले मला जाणवले. तिने डोकं वर केलं आणि मागच्या वेणीचा एक पेड माझ्या हातातून निसटला.

"नाही मावशी."

"मी सांगतेय."

"मावशी, नाव तुमची आहे. मंगळवार माझा आहे. आज मी ही भेग बुजवली, तर तुमच्यासमोर शहाणी ठरेन आणि पुढच्या वर्षी मासे पुन्हा वाळूत असतील. तुम्हाला मी आज हवी का उद्या?"

मावशींना असं कुणी बोलत नाही. कुमासीहून येणारे व्यापारीसुद्धा त्यांच्यासमोर टोपी काढतात. त्यांनी काठी वाळूत रोवली. "ठीक," त्या म्हणाल्या. "उद्या निळ्या नावेचे अर्धे मासे अबाकोमाकडे जातील. अर्धे तुला. तेही सांडलेस तर आपला संबंध संपला."

"द्या अर्धे," अराबा म्हणाली. "ते सांडणार नाहीत."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "अगं, दोन मुठी चिखल लावायचा होता! काय झालं असतं?"

"तुला नाही कळायचं ताई," ती म्हणाली. "वेणी घट्ट घाल."

बुधवारी दुपारी नावा आल्या. चांदीसारखे मासे, एवढे की काठावरून सांडत होते. निळी नाव खरोखरच वाटली गेली; एक टोपली इकडे, एक तिकडे. अबाकोमा टोपल्या मोजून घेताना मुद्दाम मोठ्याने मोजत होती. अराबाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिन्ही भट्ट्या पेटलेल्या, चौकटी चढलेल्या, लाकूड खणखणीत वाळलेलं. ती धावत नव्हती. मला त्याचंच सगळ्यात नवल वाटलं. गेल्या वर्षी ती धावत होती आणि मासे सडत होते. या वर्षी ती चालत होती. चौकटी वरखाली करायची, खालच्या वर, वरच्या खाली, मध्येच सोडणांची मूठ टाकायची की रंग चढावा. ऊन उतरायच्या आत अंगणातली वाळू कोरडी आणि रिकामी. अबाकोमाचंही काही बिघडलं नाही, खोटं का सांगू. तिनेही तिचा वाटा छान धुरवला.

शुक्रवारी मावशी आल्या. आल्या आल्या चौथ्या भट्टीपाशी. भेग बुजलेली होती, माती वाळून पांढरी पडलेली. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं. मग तयार टोपलीतून एक मासा उचलला, मधोमध मोडला, काटा बाजूला केला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. पूर्ण. शेपटीपर्यंत.

"मंगळवारी माझं ऐकायचं कबूल कर," त्या म्हणाल्या, "आणि पुरी नाव परत घे."

अराबा जाळी शिवत होती. तिने तार दातांनी तोडली.

"मग अर्धीच राहू दे, मावशी. बुधवार ते सोमवार मी तुमची. सांगाल ते, सांगाल तेव्हा. मंगळवार नाही."

"माझ्यासमोर असं तुझी आईसुद्धा बोलली नव्हती."

"तिला गरज नव्हती. ती जन्मली शुक्रवारी."

मी कुंपणाआड उभी होते. मावशींच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते इतक्या लांबून मला सांगता यायचं नाही. त्यांनी काठी उचलली, दोन पावलं गेल्या, आणि फाटकात पाठमोऱ्याच थांबल्या.

"सोमवारी निळी नाव पुरी येईल. टोपल्या जास्त काढून ठेव."

"काढलेल्याच आहेत," अराबा म्हणाली आणि पुढची चौकट मांडीवर घेतली.